शेऱ्याची जागा

अमेरिकेतल्या पुष्कळ प्राथमिक शाळांच्या प्रगतिपुस्तकांत वाईट मूल नसतंच. तिथे 'नापास' नाही, लाल शाई नाही, 'गणितात कच्चा' असं कुणी कुणाबद्दल लिहीत नाही. सगळी मुलं एकतर पोचलेली असतात, नाहीतर वाटेवर असतात. मी मध्य न्यू जर्सीत तिसरीला शिकवते. आमच्याकडे प्रत्येक विषयाचे बारीक तुकडे पाडलेले आहेत, प्रत्येक तुकड्यापुढे 1 ते 4 यांतला एक आकडा घालायचा आणि सगळ्यांत खाली एक चौकट असते, तिच्यात शेरा लिहायचा. आकडे भरून होतात. चाचण्या असतात, वह्या असतात, हिशेब असतो. ती चौकट मात्र रात्री जेवणं उरकल्यावरही तशीच पांढरी दिसत राहते.

पहिल्या सत्राची ही लिखापढी नोव्हेंबरात येते. त्याच सुमाराला अटलांटिक सिटीत राज्याच्या शिक्षक संघटनेचं अधिवेशन भरतं आणि त्यासाठी न्यू जर्सीतल्या शाळा गुरुवार-शुक्रवार बंद असतात. जोडून शनिवार-रविवार. आमच्या ओळखीतली निम्मी देशी कुटुंबं त्या चार दिवसांत फ्लोरिडाला, डिस्नेला पोचलेली असतात. शिक्षकांपैकी जाणारे अधिवेशनाला जातात आणि उरलेले स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसतात. बाहेर पानगळ झालेली, घरमालक मंडळी पानं गोळा करतायत, आणि मी एकेका मुलाला डोळ्यांसमोर आणून बसवते आहे. ते येतं, बसतं. पण त्याच्याविषयी लिहायचं काय?

आपल्या पालकांना आधी आकड्यांचंच कोडं पडतं. 3 म्हणजे तिसरीच्या मुलाला या घटकेला जे यायला हवं ते येतं. झालं, आनंद आहे. पण भारतात शिकलेल्या बापाच्या डोक्यात गणित लगेच सुटतं: चारांपैकी तीन, म्हणजे 75 टक्के, म्हणजे पहिल्या पाचांत नाही. 'मॅडम, वो एक मार्क किधर गया?' हा प्रश्न मला तेलुगू, गुजराती, मराठी अशा सगळ्या हेलांत ऐकायला मिळालेला आहे. आणि सहा महिन्यांसाठी आलेली आजी असेल तर तिला त्या चार पानांत काडीचा रस नसतो. ती चष्मा वर करून विचारते, 'पण नंबर कितवा आला?' नंबर नाही म्हटल्यावर तिला ही शाळाच जरा संशयास्पद वाटायला लागते.

आकड्यांवर एवढा जीव टाकावा असं त्यांच्यात काही नाही, हे अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वीच सिद्ध होऊन गेलंय. 1912 साली विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट या दोघांनी इंग्रजीच्या दोन उत्तरपत्रिकांच्या हुबेहूब प्रती वेगवेगळ्या हायस्कुलांत तपासायला पाठवल्या. 142 शिक्षकांनी त्या तपासल्या. एकाच पेपरला कुणी 64 दिले तर कुणी 98. दुसऱ्याला 50 पासून 97 पर्यंत. इंग्रजी आहे, मतं असायचीच, असं लोक म्हणाले. मग पुढच्या वर्षी त्यांनी भूमितीचा पेपर पाठवला, आणि त्यातली तफावत इंग्रजीपेक्षाही मोठी निघाली. म्हणजे एकच मूल एका वर्गात हुशार आणि भिंतीपलीकडच्या वर्गात काठावर.

मग शेरा तरी आधार देतो का? बहुतेक वेळा नाही. माझ्या लहानपणच्या प्रगतिपुस्तकात शेऱ्याला एक ओळ होती. 'गणिताकडे लक्ष द्यावे.' 'अक्षर सुधारावे.' 'वर्गात बडबड कमी करावी.' सगळे हुकूम. हुकूम कुणाला आहे, त्याने नेमकं काय करायचं, याचा पत्ता नाही. त्याखाली पालकांची सही, ती घेण्यासाठी गाठायची योग्य वेळ, आणि त्या वेळेबद्दल भावंडांत झालेली खलबतं.

इथे हुकूम नाहीत, इथे साखर आहे. 'अ प्लेझर टू हॅव इन क्लास' हे वाक्य अमेरिकेतल्या मुलांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या प्रगतिपुस्तकांत आहे. संगणकात तयार शेऱ्यांची यादी असते. क्रमांक निवडला की वाक्य येऊन बसतं. अलीकडे तर यादीचीही गरज उरली नाही. मुलाचं वर्णन चार शब्दांत टाकलं की चॅटजीपीटी गुळगुळीत परिच्छेद काढून देतं, व्याकरण चोख, सूर प्रेमळ. माझ्या सहकाऱ्यांपैकी काही जण ते वापरतात आणि वापरू नये असं मी म्हणणार नाही. चोवीस-पंचवीस मुलं, प्रत्येकाचा परिच्छेद, आणि घरी स्वतःची मुलं. माझा आक्षेप यंत्राला नाहीच. त्या चार शब्दांत मूल नसेल तर परिच्छेदात ते येणार कुठून, एवढंच माझं म्हणणं. आमचा जुना मराठी हुकूम काय आणि ही अमेरिकन साखर काय, दोन्ही ओळी वर्गातल्या कुठल्याही मुलाच्या नावाखाली चिकटवता येतात. मला त्यांच्यातला हाच दोष खुपतो.

माझी मावशी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत होती. शाळा द्विशिक्षकी, तिच्याकडे एकाच खोलीत दोन इयत्ता. 2010 मध्ये शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. गुणांच्या जागी अ-1, अ-2, ब-1 अशा श्रेणी आल्या. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रकल्प अशी मूल्यमापनाची आठ साधनं आली आणि प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी आल्या. या नोंदींचे तीन मथळे: विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक. कागदावर याच्याइतकी सुंदर गोष्ट नाही. अमेरिकेत शिक्षणाचे वर्ग करताना मला जे जे शिकवलं गेलं ते सगळं त्या तीन मथळ्यांत मावतं. पण वर्षभरात बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका आल्या, पुढे व्हॉट्सॲपवर पीडीएफ फिरू लागल्या. 'परिपाठात आवडीने सहभाग घेतो.' 'स्वतःहून प्रश्न विचारते.' सगळा जिल्हा परिपाठात आवडीने सहभाग घेऊ लागला.

मावशी पुस्तिका वापरायची, नाही असं नाही. केंद्रप्रमुख येणार म्हटल्यावर वह्या पूर्ण लागतात. पण तिच्या नोंदवहीत मधूनच एखादी ओळ वेगळ्या शाईत असायची. एका पोराच्या 'विशेष प्रगती'खाली तिने लिहिलं होतं: 'शेरडं मोजताना चुकत नाही, वहीत चुकतो.' केंद्रप्रमुखांनी विचारलं, 'बाई, ही कसली नोंद?' मावशी म्हणाली, 'साहेब, ही एकच खरी आहे.' मला ही गोष्ट तिनेच सांगितली, त्यामुळे उत्तरात थोडा मीठमसाला असेल. ओळ मात्र मी स्वतः पाहिलेली आहे. त्या ओळीत पोरगा आहे, त्याचं घर आहे, त्याला काय येतं ते आहे आणि त्याला गणित कुठून शिकवायला सुरुवात करावी हेही आहे. मी तिच्या त्या ओळीवर अजून जगते.

आता हेच तिसरीच्या वजाबाकीत बघा. 402 वजा 178. एका मुलाने उत्तर काढलं 376. यावर यादीतला शेरा तयार आहे: वजाबाकीचा अधिक सराव आवश्यक. पालक बिचारे वजाबाकीची पन्नास पानं छापून आणतात आणि पोरगा पन्नास पानांवर तीच चूक पक्की करतो. कारण त्याने काय केलंय ते कुणी पाहिलेलंच नाही. दोनातून आठ जात नाहीत म्हणून त्याने आठातून दोन वजा केले, सहा. शून्यातून सात जात नाहीत म्हणून सातातून शून्य, सात. चारातून एक, तीन. त्याची वजाबाकी उत्तम आहे. मोठ्यातून लहान काढायचं, एवढा एकच नियम त्याने धरलाय आणि तो इमानदारीने पाळलाय. मध्ये शून्य आलं की शेजारच्या घरातून उसनं घ्यायला तिथे कुणी नसतं, त्याच्याही पलीकडच्या घरी जावं लागतं, ही गोष्ट त्याला अजून कळलेली नाही. मग मी चौकटीत लिहिते: वजाबाकी करताना वरचा अंक कोणता आणि खालचा कोणता याकडे त्याचं लक्ष नसतं, प्रत्येक घरात मोठ्यातून लहान अंक काढतो. मधल्या घरात शून्य असलं की हमखास. घरी त्याला चार डॉलर आणि दोन पेन्या द्या, त्यातून एक डॉलर अठ्ठ्याहत्तर सेंट मागा आणि डॉलर मोडून दहा डाइम घ्यायला लावा. मग त्यातली एक डाइम मोडून दहा पेन्या घ्यायला लावा. यात अक्षरांची मर्यादा संपते. त्याचा उत्साह, त्याची मैत्री, त्याचं गोड हसू यांना जागा उरत नाही. चालतं. गोड हसू त्याच्या आईने पाहिलेलं आहे.

असं लिहायचं तर नोव्हेंबरात आठवून भागत नाही. शेरा सप्टेंबरात गोळा करावा लागतो. मी वर्गाची यादी एका पाटीला चिमटा लावून अडकवून ठेवते, प्रत्येक नावापुढे कोरी जागा, आणि दिसेल ते तीन-चार शब्दांत टिपते. शुक्रवारी मुलं बसमध्ये चढली की यादी बघायची. दंगेखोरांची नावं भरलेली असतात. हुशारांची भरलेली असतात. कोऱ्या राहतात त्या मधल्या मुलांच्या जागा. ज्यांनी काही फोडलं नाही, काही जिंकलं नाही, ज्यांची वही वेळेवर आली, ज्यांच्या आईचा ईमेल आला नाही. वर्गात सगळ्यांत जास्त ती असतात आणि यादीत ती नसतात. 'अ प्लेझर टू हॅव इन क्लास' हे वाक्य खरं तर त्यांच्यासाठीच बनलेलं आहे. त्याचा सरळ अर्थ असा की या मुलाने मला त्रास दिला नाही, म्हणून मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

सोमवारी मी त्या कोऱ्या नावांपासून सुरुवात करते. अशीच एक मुलगी होती, आईवडील दोघे सॉफ्टवेअरमध्ये, मुलगी इतकी शांत की हजेरीतही तिचा आवाज टाचणी पडल्यासारखा. तिच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसल्यावर दिसलं की तिच्या कागदावर पहिल्या ओळीची जागा खोडून खोडून पातळ झालीये, उजेडात धरलं तर पलीकडची बोटं दिसावीत. ती पहिलं वाक्य लिहीत होती, पुसत होती, पुन्हा लिहीत होती. बाकीचा वर्ग दुसऱ्या परिच्छेदात आणि ही पहिल्या वाक्यात. तिच्या आकड्यांत याचं रूपांतर 'लेखन वेळेत पूर्ण करते: 2' असं झालं असतं, आणि झालंही. चौकटीत मी लिहिलं की पहिलं वाक्य मनासारखं झाल्याशिवाय ती पुढे जात नाही. तिला दुसऱ्या वाक्यापासून लिहायला सांगितलं तर पान भरतं, आणि पहिलं वाक्य मग तिचं तिला सापडतं. भेटीच्या दिवशी तिची आई ते वाचून थांबली. म्हणाली, 'अहो, ही पुण्याला आजीला फोन करायच्या आधीसुद्धा वाक्य मनात म्हणून बघते.' दहा मिनिटं आम्ही त्यावरच बोललो. 2 या आकड्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

हे अपवादात्मक होतं. एरवी आकडाच जिंकतो. 1988 साली जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या रुथ बटलर यांनी पाचवी-सहावीच्या मुलांवर एक प्रयोग केला. काहींना त्यांच्या कामावर फक्त गुण दिले, काहींना फक्त लेखी शेरा, काहींना दोन्ही. फक्त शेरा मिळालेल्यांचं पुढचं काम सुधारलं, त्यांचा रसही टिकला. दोन्ही मिळालेली मुलं मात्र नुसते गुण मिळालेल्यांसारखीच वागली. आकडा दिसल्यावर शेजारचं वाक्य कुणी कामाला लावलं नाही. आमचं प्रगतिपुस्तक ही दोन्ही एकाच पानावर छापतं, आकडे वर आणि शेरा तळाशी. हा क्रम कुणी ठरवला ते मला ठाऊक नाही. माझ्या हातात असतं तर मी आधी नुसता शेरा घरी पाठवला असता आणि आकडे आठवड्याने.

काय लिहू नये, याबद्दल थोडक्यात. 'चंचल', 'आळशी', 'लाजाळू' हे शब्द मी लिहीत नाही. ती निरीक्षणं नव्हेत, निकाल आहेत. दर पाच मिनिटांनी जागेवरून उठतो, पण उभ्याने काम पुरं करतो, असं लिहिता येतं. आणि आजाराचं नाव तर कधीच लिहायचं नाही. मूल एका जागी बसत नाही याला नाव देण्यासाठी इथे शाळेची वेगळी मंडळी असतात, मानसशास्त्रज्ञ, समाजसेविका, विशेष शिक्षणाचे जाणकार. मी त्यांच्यातली नाही. मी दिवसाचे सहा तास मुलाला बघणारी आहे, तेवढाच माझा अधिकार. पण तो अधिकार त्यांच्यापैकी कुणाकडे नाही, हेही खरं.

रविवारी मी मराठी शाळेत शिकवते, तेव्हा माझा पोशाख बदलतो आणि भाषा बदलते. बृहन्महाराष्ट्र मंडळ 1981 मध्ये स्थापन झालं, आणि त्याच्या छत्राखाली आता उत्तर अमेरिकेत गावोगाव मराठी शाळा भरतात. पुण्याच्या भारती विद्यापीठाच्या मदतीने परीक्षाही होतात. शिकवणारे सगळे हौशी. कुणी औषध कंपनीत, कुणी बँकेत, कुणी घरून काम करणारे. भाड्याच्या वर्गखोल्या, फळ्यावर आधीच्या लोकांचं काहीतरी लिहिलेलं, मधल्या सुट्टीत चिवडा आणि ज्यूसच्या पिशव्या. वर्षअखेरीला ही मंडळी मला विचारतात, 'ताई, शेऱ्यात काय लिहायचं?' आणि मी काही सांगायच्या आत लिहून मोकळी होतात: 'घरी मराठीत बोलण्याचा सराव करावा.'

हा शेरा मुलाला नाहीच, आईबापांना आहे, आणि त्यांना तो वर्षानुवर्षं पाठ आहे. ते शरमेने हसतात आणि गाडीत बसल्याबरोबर इंग्रजी सुरू करतात. म्हणून मी मराठी शाळेत एक वेगळा नियम घालून घेतलाय. इथला शेरा मुलाने स्वतः वाचायचा. मग तो 'तू' म्हणूनच लिहावा लागतो, इंग्रजी प्रगतिपुस्तकात मी मुलाबद्दल 'तो' आणि 'ती' म्हणून लिहिते तसं इथे चालत नाही. आणि पहिल्या पातळीच्या मुलाला जोडाक्षरं आलेली नसतात. आता जोडाक्षराशिवाय शेरा लिहून बघा. 'प्रगती' गेली, 'उत्तम' गेलं, 'सराव' राहिला पण 'अभ्यास' गेला. मोठे शब्द आपोआप गळतात. एका मुलाला मी लिहिलं: 'तू कावळा नीट वाचतोस. बाळ पण नीट वाचतोस. तुझी कविता मला आवडली. ती आजीला ऐकव.' आधी 'गोष्ट' लिहिलं होतं, तो ष्ट आडवा आला, म्हणून कविता.

त्याने कागद घेतला आणि खोलीच्या दारात उभं राहून वाचायला लागला. पहिली अडचण अगदी वरच आली. 'प्रगतिपत्रक' या छापील शब्दातच दोन जोडाक्षरं आहेत, त्याला तो वाचता येईना. तो शब्द सोडून त्याने सरळ खाली उडी मारली. 'का-व-ळा' हे त्याने 'ळ'वर जरा जोर देऊन म्हटलं, मुद्दाम, कारण तो त्याला येतो असं लिहिलेलंच होतं. बाप मागे कोट घेऊन उभा. वाचून झाल्यावर मुलाने विचारलं, 'आजीला फोन आत्ता करायचा?' तिकडे रात्रीचे पावणेबारा झाले होते. फोन लागला.

इंग्रजी शाळेतला शेरा मुलाच्या हाती इतक्या लवकर पडत नाही, पण पडतो. 1974 पर्यंत अमेरिकेत शाळेने मुलाच्या दप्तरी काय लिहून ठेवलंय ते बघण्याचा हक्क पालकांना देशभर सारखा असा नव्हताच. त्या वर्षी न्यूयॉर्कचे सिनेटर जेम्स बकली यांच्या पुढाकाराने कायदा झाला आणि ती फाइल पालकांसाठी उघडली. मूल 18 वर्षांचं झालं की तो हक्क पालकांकडून त्याच्याकडे जातो. म्हणजे जपून ठेवलेली माझी चौकट एक दिवस तोच वाचणार, मिशा फुटलेला, माझं नावही न आठवणारा. शेरा लिहिताना समोर आई बसलेली असते, मागे मुख्याध्यापिका उभी असते. मी त्या अठरा वर्षांच्या माणसाला मधल्या खुर्चीत बसवते. त्याला 'मेहनती आणि मनमिळाऊ होता' हे वाचून काय मिळणार? 376 कुठून आले हे मात्र तो हसत वाचेल.

मराठी पालकांना एक विनंती. नोव्हेंबरच्या भेटीत आपल्याला जेमतेम पंधरा मिनिटं मिळतात, आणि बाहेर पुढचे पालक घड्याळ बघत उभे असतात. 'तीनच का, चार का नाही' हे जरूर विचारा, पण शेवटी विचारा. आधी एवढं विचारा: या दोन महिन्यांत तुम्ही आमच्या मुलाला काय करताना पाहिलंत? शिक्षिका चटकन काहीतरी सांगेल, तर ऐका. ती अडखळली तर रागावू नका, वादही घालू नका. सोमवारपासून ती तुमच्या मुलाकडे बघायला लागेल.